आधी पैशाचा रस्ता, मग चाल: निवाऱ्यासाठी क्वायरचं नवीन भक्तिगीत करताना

दर वर्षी एक-दोन फोन येतातच. "बेघरांच्या निवाऱ्यासाठी कार्यक्रम करतोय, चार आवाजांत नवीन गीत लिहिलंय, जरा बघता का?" मी बघतो, गीत बरं असतं, कधी कधी तर फारच छान असतं, मग मी विचारतो पैसे कुणाच्या खात्यात जाणार आणि टेनर (वरच्या सुरांत गाणारे पुरुष) किती आहेत, आणि दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच, "ते बघू पुढे". तिथेच सगळं फसतं.

माझंही फसलंय. पहिल्यांदा मी सात मिनिटांचं गीत लिहिलं होतं, मध्ये एकदम आठ आवाज, एका ठिकाणी टेनरला वरचा ए, आणि आमच्याकडे टेनर दोन, त्यातल्या एकाची नाईट शिफ्ट. शेवटी बाहेरून गायक पैसे देऊन आणले, रिहर्सल वाढत गेल्या म्हणून हॉलचं भाडं वाढत गेलं, आणि खर्च वजा जाता निवाऱ्याच्या हातात जे पडलं ते रविवारी नुसती अर्पणाची थैली फिरवली असती तरी जमलं असतं. तेव्हापासून एक गणित डोक्यात पक्कं बसलंय: एक अवघड ओळ म्हणजे दोन रिहर्सल जास्त, दोन रिहर्सल जास्त म्हणजे भाडं, चहा, रिक्षा, आणि हे सगळं निवाऱ्याच्या वाट्यातून जातं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो उलटा वाटला तरी तसाच पाळा.

हे सगळं आपल्याकडच्या साध्या मराठी मंडळीच्या (चर्चच्या) क्वायरसाठी, म्हणजे गायकवृंदासाठी आहे: वीस-पंचवीस जण, निम्म्यांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही, एक कीबोर्ड, एक हार्मोनियम, तबला मिळाला तर मिळाला. कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, गाणार असाल तर शब्द ठरवायच्या आधी फादरांना विचारा, नंतर नाही.

१. निवाऱ्यात जाऊन या, आणि पैशाचा रस्ता कागदावर आणा

फोनवर नाही, प्रत्यक्ष जा. शहरातले बरेचसे निवारे महापालिकेचे असतात आणि चालवायला एखाद्या संस्थेकडे दिलेले असतात, तेव्हा पैसे घेणार कोण, संस्था की अजून कुणी, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. दुसरा प्रश्न, काय हवंय? आपण मनात ब्लँकेट धरून जातो. डिसेंबरात ब्लँकेट वाटायला सगळं गाव येतं हो, एकेकाकडे तीन-तीन होतात आणि ठेवायला जागा नसते. खरी गरज वेगळीच निघते: कुलूप लागणारे लॉकर, गरम पाण्याची सोय, जखमांच्या ड्रेसिंगचं सामान, आधार-रेशनकार्डाच्या कागदपत्रांसाठी लागणारे फेऱ्यांचे पैसे. एकच गोष्ट निवडा जिचा आकडा सांगता येतो. "बेघरांसाठी मदत करा" म्हटलं की लोक खिशातली सुटी नोट काढतात, "अठरा लॉकर करायचेत, एकाला इतके लागतात" म्हटलं की एखादा अख्खा लॉकर घेतो.

मग संस्थेचे कागद बघा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, ८०जी म्हणून ओळखली जाणारी, देणाऱ्याला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता आहे का, तिची मुदत चालू आहे का. लाजू नका, चांगली संस्था स्वतःहून झेरॉक्स काढून देते.

आता तुम्ही स्वतः, म्हणजे क्वायर किंवा तरुण संघ, बाहेरच्या लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल तर लक्षात घ्या, नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी काढायची तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, तीच कलम ४१सी वाली जी गणेश मंडळं दर वर्षी काढतात. यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे पैसा तुमच्याकडे येऊच देऊ नका. पावतीबुक संस्थेचं, क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा, टेबलावर बसणारा माणूसही शक्यतो संस्थेचा. क्वायर फक्त गाणार.

सावध: "तात्पुरतं माझ्याच नंबरवर पाठवा, मी पुढे देतो" हे वाक्य कुणीही बोललं, अगदी पाळकसाहेब बोलले तरी, नम्रपणे नाही म्हणा. माणूस शंभर टक्के सरळ असला तरी दोन महिन्यांनी त्याच्या खात्यात कुठले पाचशे कुणाचे हे त्यालाही सांगता येत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांचं वेगळं प्रकरण आहे. दुबईतला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पण अमेरिकेतली मावशी तिकडची नागरिक झाली असेल तर तिचा पैसा परदेशी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी. तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि तो फक्त त्यासाठीच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच यायला हवा. नोंदणी नसेल तर मावशीला सांगा, पुढच्या वेळी इकडे आलीस की पुढच्या रांगेत बस आणि मोठ्याने टाळ्या वाजव.

२. तारीख: मी पावसाळा सुचवतो

सगळे नाताळ धरतात. पण डिसेंबरात क्वायर कॅरलसाठी घरोघरी फिरून आधीच बसलेल्या गळ्याची असते, हॉल मिळत नाही, आणि देणाऱ्याचा खिसाही पाच ठिकाणी वाटला गेलेला असतो. रस्त्यावर झोपणाऱ्याचे सगळ्यात वाईट दिवस आपल्याकडे जुलै-ऑगस्टचे. थंडीत शेकोटी करता येते, पण ओल्या फुटपाथवर पाठ कुठे टेकणार? आणि त्या दिवसांत देणारे कमी, कार्यक्रम कमी, हॉल रिकामे. जुलैचा शेवटचा शनिवार धरा.

तिथून मागे मोजत या. मे महिन्यात निम्मी क्वायर गावाला असते, त्यामुळे मेमधे रिहर्सल धरायचीच नाही. एप्रिलअखेर गीत लिहून पूर्ण, मेमधे प्रत्येक पार्टचे, म्हणजे एकेका आवाजाच्या ओळीचे, रेकॉर्डिंग सगळ्यांच्या मोबाइलवर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून रिहर्सल. म्हणजे निवाऱ्याची भेट फेब्रुवारीत. लवकर वाटतंय ना, पण परवानग्या, शब्दांच्या मंजुऱ्या हे सगळं यातच बसवायचंय.

खर्चाची यादीही आत्ताच. हॉल, साउंड, छपाई, चहा, वादक. प्रत्येक ओळीसमोर लिहा की हे फुकट कोण देणार. साउंडवाल्याला खरंच विचारा, वीस जणांच्या क्वायरला दगडी चर्चमध्ये माइक लागतात का? बहुतेक वेळा निवेदकाला एक लागतो, बस.

तपासा: जमेल असं वाटणाऱ्या रकमेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा खर्च जास्त दिसतोय? मग कार्यक्रम रविवारच्या भक्तीनंतर चर्चमध्येच करा. हॉल सोडा.

३. गळे मोजा

ही पायरी जवळजवळ प्रत्येक जण गाळतो, कारण आपल्याला वाटतं आपली क्वायर आपल्याला माहीतच आहे. नाही माहीत. वही घ्या, एकेकाला बाजूला घ्या, "आ" वर खाली उतरवा, वर चढवा, आणि त्याचा आरामाचा सूर लिहा. जास्तीत जास्त कुठपर्यंत जातो ते नको, थकल्यावर गुरुवारी रात्री साडेआठला कुठपर्यंत जाईल ते लिहा.

साधारण चित्र असं निघतं: सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) मधल्या सी पासून, म्हणजे कीबोर्डच्या मधल्या सी सुरापासून, वरच्या ई पर्यंत निवांत, एफ कधीमधी. आल्टो (बायकांचा खालचा आवाज) मधल्या सी च्या खालच्या ए पासून वरच्या बी पर्यंत. बास (पुरुषांचा खालचा आवाज) खालच्या जी पासून मधल्या सी पर्यंत. आणि टेनर... टेनर म्हणजे दोन जण, त्यातला एक मुळात बासच आहे पण टेनर कमी म्हणून तिकडे उभा केलाय.

असं असेल तर चार पार्टचा हट्ट सोडा. सोप्रानो, आल्टो आणि पुरुषांचा एकच पार्ट, असे तीन करा. पुरुषांचा पार्ट खालच्या बी पासून मधल्या सी पर्यंत ठेवलात की सगळे पुरुष गाऊ शकतात आणि आवाज भरीव येतो. तीन भरलेले पार्ट चार अशक्त पार्टपेक्षा केव्हाही बरे, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीही पार्ट मोजत नाही, मोजणारे ते आपणच.

वहीत अजून दोन गोष्टी लिहा: कोण किती वाजता येऊ शकतो, आणि कोणाला कुठली लिपी वाचता येते. इंग्रजी माध्यमातली पोरं मराठी शब्द रोमनमध्ये मागतात, आणि आजीबाई सोप्रानोला मोठं अक्षर लागतं.

४. शब्द

बायबलमध्ये या विषयाला जागा शोधावी लागत नाही. मत्तयाच्या २५व्या अध्यायात परक्याला घरात घेतल्याची गोष्ट आहे, यशयाच्या ५८व्या अध्यायात निराश्रिताला घरी आणण्याची, लूकमध्ये उतारशाळेत जागा नसल्याची, आणि मत्तयाच्या ८व्यात तर प्रभू स्वतःच सांगतो की डोकं टेकायला जागा नाही. यातलं एकच घ्या. चारही एका गीतात कोंबलेत की ते प्रवचन होतं.

आता हक्कांचं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक (निधन १९१९), पंडिता रमाबाई (१९२२), लक्ष्मीबाई टिळक (१९३६) यांचं स्वतःचं लेखन मोकळं आहे. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणातल्या ओव्या तर आहेतच, फक्त ती जुनी मराठी लोकांना ऐकता ऐकता कळत नाही, दोन ओव्यांपुढे जाऊ नका. पण गीतपुस्तकात छापलंय म्हणजे फुकट, असं अजिबात नाही. त्याच पुस्तकात गेल्या पन्नास वर्षांतल्या कवींची गीतं असतात. बायबलच्या नव्या भाषांतरांनाही हक्क असतात, ओळीच्या ओळी घ्यायच्या तर प्रकाशकाला पत्र लिहा आणि उत्तर फाइलला लावा.

सगळ्यात सोपं म्हणजे मंडळीतल्याच कुणाकडून लिहून घ्या, किंवा स्वतः लिहा, आणि त्याच दिवशी एका कागदावर दोन ओळी: शब्द कुणाचे, चाल कुणाची, गीतातून जे काही येईल ते निवाऱ्याला, पण हक्क ज्याचे त्याच्याकडे. सह्या. कवी तुमचा सख्खा मेव्हणा असला तरी.

पुढे उदाहरण द्यायला म्हणून मीच जुळवलेल्या दोन ओळी घेतो, आठ-आठ अक्षरांच्या अभंगाच्या मापात:

उंबऱ्याशी उभा कोणी
ओल्या पायी अनवाणी

दया, कीव, बिचारे, दीनदुबळे हे शब्द टाळा. त्या संध्याकाळी निवाऱ्यातली माणसं पहिल्या रांगेत बसलेली असू शकतात, असलीच पाहिजेत खरं तर, आणि त्यांच्याबद्दल त्यांच्याच समोर "बिचारे" असं गायचं म्हणजे कसं वाटेल बघा. त्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात. या म्हणावं, पण येण्याचा आणि मदतीचा काही संबंध नाही हे संस्थेला आणि त्यांनाही स्वच्छ सांगा.

५. शब्द आधी बोला, मग गा

मराठी क्वायर गीतांत सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्याला कारण आपण लहानपणापासून इंग्रजी चालींवर कसेबसे बसवलेले मराठी शब्द गात आलोय, त्यामुळे कानाला खटकायचंच बंद झालंय.

ओळ दहा वेळा मोठ्याने बोला, टाळी देत. "अनवाणी" बोलताना अ-न भरभर जातं आणि वा वर आपण थांबतो. मग चालीतही वा ठोक्यावर यायला हवा आणि अ-न त्याच्या आधी पटकन. कीबोर्डवर चाल आधी सुचली असेल तर हमखास "अऽऽऽनवाणी" होतं, आणि ऐकणाऱ्याला आधी "आन" ऐकू येतं आणि मग वाणी म्हणजे किराणावाला. हसू नका, असं झालंय. तसंच "प्रभू": लांबवायचं ते भू, प्र नाही. "दयाळा": लांबवायचं ते या.

दुसरं, शेवटचा अ. "देव", "दार", "घर" हे आपण बोलतो तेव्हा शेवटचं अक्षर अर्धवट राहतं, गाताना मात्र काही जण "देवऽ" करतात काही जण "देव्" वरच बंद करतात, आणि वीस जणांत हे मिसळलं की शब्दाचा चिखल. नियम तुम्ही ठरवा. माझा असा: ओळीच्या मध्ये बोलीसारखं बंद, ओळीच्या शेवटी हलका अ. ठरवा आणि स्कोरवर लिहा.

तिसरं, अनुस्वार. "उंबऱ्याशी" मधला उं लांबवायचा तर उ लांबवा, म् अगदी शेवटी मिटा. नाहीतर आख्खी आल्टो तोंड मिटून गुणगुणत बसते. ळ आणि ण लांब सुरावर ठेवू नका, जीभ वर चिकटते. ई वर सोप्रानोचा सगळ्यात वरचा सूर ठेवू नका, आवाज चिमटतो. तिथे आ किंवा ओ येईल असा शब्द शोधा, नाहीतर चालच वळवा.

तपासा: ज्याने शब्द वाचलेले नाहीत अशा माणसाला फक्त ऐकवा आणि काय ऐकू आलं ते लिहायला सांगा. घरातलं कुणीही चालेल. त्याने जे चुकीचं लिहिलं ते तुमचं चुकलंय, त्याचं नाही.

६. चाल

वाद्याशिवाय करा. जिन्यात, बसस्टॉपवर, भांडी घासताना. कीबोर्डवर बोटं सुचवतात आणि बोटांना उड्या मारायला काहीच लागत नाही, गळ्याला लागतं.

मुख्य चाल एका सप्तकात, फार तर वर एक सूर. पट्टी ठरवताना मोजणीची वही समोर ठेवा. आमच्या क्वायरला पांढरी दोन (डी) बरी पडते, काळी तीनपर्यंत (एफ शार्प) चढवलं की शेवटच्या कडव्यात बायका कुरकुरतात आणि त्यांचं बरोबर असतं.

स्वरांचं म्हणाल तर पहिल्यांदा करणाऱ्याने भूपाच्या पाच स्वरांत राहावं: सा रे ग प ध. म आणि नी नाहीत म्हणजे जवळजवळचे घासणारे सूर नाहीत, त्यामुळे एक पार्ट दुसऱ्याच्या मागून दोन ठोक्यांनी आला तरी कानाला त्रास होत नाही. म्हणजे हार्मनी न लिहिताही हार्मनी मिळते. भैरवीत भक्तिगीत छान होतं हे मान्य, पण तिथल्या कोमल स्वरांवर पाश्चात्त्य पद्धतीचे कॉर्ड बसवायला गेलात की दर दोन ओळींनी अडचण, ते दुसऱ्या-तिसऱ्या गीताला ठेवा. यमनातला तीव्र म पण दिसायला सोपा, टेनरच्या गळ्यात अवघड.

रचना मी बहुतेक वेळा भजनासारखी करतो. एक जण ओळ टाकतो, क्वायर झील धरते, म्हणजे तीच ओळ मागून गाते, तिसऱ्या वेळेला धृपद सगळी मंडळी उचलते. ज्याने स्वतः गायलंय तो थैलीत जास्त टाकतो, हा माझा अनुभव, आणि रिहर्सलही निम्म्याने कमी होतात कारण अवघड भाग एकाच पक्क्या गळ्यावर असतो.

लांबी चार मिनिटं. पाच झाली तर एक कडवं कापा. हो, तेच कडवं, जे तुम्हाला सगळ्यात आवडतं.

७. पार्ट लिहिताना

क्रम असा: चाल, मग बास, मग आल्टो, शेवटी टेनर असला तर. बास आणि चाल दोघांनीच गाऊन बघा. तेवढ्यावर गीत उभं राहत नसेल तर मधले पार्ट घालून ते उभं राहणार नाही, फक्त गर्दी होईल. पहिल्या कडव्याला बासने नुसता सा आणि प धरून ठेवला, तानपुऱ्यासारखा, तरी फार सुंदर लागतं आणि शिकवायला पाच मिनिटं.

हमखास होणाऱ्या चुका सांगतो. आल्टोला आठ-आठ बार एकच सूर देणं, मग त्या कंटाळतात आणि हळूहळू सोप्रानोच गायला लागतात. श्वासाला जागाच नसणं. प्रत्येक ओळीनंतर निदान अर्धा ठोका मोकळा सोडा आणि तिथे स्वल्पविराम काढा. सगळ्यांनी सगळा वेळ गाणं, त्यापेक्षा दुसरं कडवं फक्त बायका, तिसरं पुरुषांनी सुरू करायचं. आणि शेवटचा सूर उंचावर नेणं. लिहिताना अंगावर काटा येतो, पण कार्यक्रमाच्या दिवशी तो सूर पाव सुराने उतरतो आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. शेवट मधल्या सुरांत, हळू, सगळ्यांचा एकच सूर. जमतं ते.

८. कागद आणि रेकॉर्डिंग

म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि देवनागरी शब्द घेतो. अक्षरं तोडताना जोडाक्षर पुढच्या अक्षराकडे जातं: उं-ब-ऱ्या-शी, ओ-ल्या. झेरॉक्सच्या दुकानात देण्याआधी पीडीएफ करा आणि एक प्रत छापून डोळ्यांनी वाचा, कारण घरच्या स्क्रीनवर नीट दिसणारा ऱ्या दुकानातल्या मशीनवर र, मग काहीतरी चौकोन, मग या असा निघतो आणि तुमच्या पन्नास प्रती वाया. बार नंबर प्रत्येक ओळीला. नोटेशन न वाचणाऱ्यांसाठी खाली सरगम.

प्रत्येक पार्टचं वेगळं रेकॉर्डिंग करा, त्यात तो पार्ट मोठा आणि बाकीचे मागे बारीक. नुसता एकटा पार्ट पाठवला तर माणूस घरी छान शिकतो आणि रिहर्सलला दुसरे आवाज ऐकून गोंधळतो. फाइलच्या नावात तारीख घाला. "फायनल", "फायनल नवीन", "हेच फायनल" यातून एकदा बास एक आणि आल्टो दुसरं असं दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत शिकून आले होते.

९. रिहर्सल

सहा पुरतात, दीड-दीड तासाच्या. सहात बसत नसेल तर गीत अवघड आहे, क्वायर वाईट नाही. सातवी रिहर्सल लावण्याआधी ती ओळ सोपी करा.

पहिल्या दिवशी सूर नाहीत. सगळ्यांनी शब्द तालात बोलायचे, शेवटचे अ ठरवायचे, अर्थ समजून घ्यायचा. मग सगळ्यांनी, बासनेसुद्धा, मुख्य चाल शिकायची. दुसऱ्यापासून पार्ट. आणि शेवटाकडून सुरुवात करा: शेवटचं कडवं आधी, मग त्याच्या आधीचं, म्हणजे गाताना आपण अनोळखीकडून ओळखीच्या भागाकडे जातो आणि धीर येतो. चौथ्या रिहर्सलला वाद्यं बंद. सूर किती उतरतो ते बघा. थोडा उतरला तर चालेल, अर्ध्या सुराने उतरत असेल तर पट्टी बदलून बघा, कधी कधी पांढरी दोनवरून काळी दोनवर नेलं की गंमत म्हणजे टिकतो.

एका रिहर्सलला निवाऱ्यातल्या कुणाला तरी बोलवा, किंवा क्वायरने तिकडे जाऊन गावं. आमच्याकडे असं गेलो तर तिथल्या एका काकांनी झील अशी धरली की आमचे बास गप्प. त्यांना पुढे कार्यक्रमात घेतलं. फोटो मात्र विचारल्याशिवाय नाही, आणि नाही म्हटलं तर परत विचारायचं नाही. काही जण घरच्यांपासून लांब राहतायत आणि त्यांना तसंच राहायचंय.

१०. कार्यक्रमाची संध्याकाळ

तिकीट लावू नका असं माझं स्पष्ट मत. तिकीट लावलं की परवाने वाढतात, हक्कांचे प्रश्न वाढतात आणि शंभर रुपये दिलेला माणूस आपलं देऊन झालं असं समजतो. शिवाय तिकिटाची रक्कम ही देणगी नव्हे, त्यावर ८०जी मिळत नाही. मोफत प्रवेशिका द्या, खाली लिहा देणगी ऐच्छिक. बाकी कार्यक्रमात दुसऱ्यांची गाणी असतील तर त्यांचे हक्क आधी बघून ठेवा. स्पीकर उघड्यावर असतील तर पोलिसांची परवानगी आणि काहीही झालं तरी रात्री दहाच्या आत बंद.

आवाहन कधी करायचं, यावर अर्धी जमा ठरते. शेवटी करू नका. शेवटी लोक छत्री शोधत असतात. नवीन गीताच्या लगेच आधी, उभं राहून, दोन मिनिटं, एकच माणूस, एकच आकडा. मग गीत, आणि गीताच्या शेवटच्या धृपदाला थैल्या फिरवायच्या, क्यूआर पडद्यावर. धृपद जितका वेळ थैली फिरतेय तितका वेळ चालू ठेवा, म्हणून तर ते सोपं केलं होतं.

पाच हजाराची रोख देणगी घेऊन कुणी आलं तर तिथेच सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ८०जीची सूट नाही, ऑनलाइन किंवा चेकने द्या. आणि ही सूट जुन्या करप्रणालीतच आहे, तेव्हा "टॅक्स वाचवा" असं बॅनरवर छापून लोकांची नंतर निराशा करू नका. ज्यांना पावती हवी त्यांचं नाव, पत्ता, पॅन टेबलावरच लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी फोन करून पॅन मागितला की लोकांना फसवणुकीचा कॉल वाटतो.

थैल्या चर्चमध्येच मोजा, दोन माणसं, एक क्वायरचा एक संस्थेचा, चिठ्ठीवर आकडा, दोघांच्या सह्या, चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर. घरी नेऊन मोजायचं नाही, पाऊस कितीही असला तरी.

११. नंतर

आठ दिवसांच्या आत एका कागदावर हिशोब: जमा, खर्च, संस्थेला मिळाले ते, त्याची पावती. नोटीस बोर्डावर लावा, पुढच्या रविवारी वाचून दाखवा. लॉकर बसले की परत एकदा सांगा, बसले नसतील तर का नाही तेही सांगा.

आणि गीत कपाटात टाकू नका. दुसऱ्या मंडळ्यांच्या क्वायर विचारतीलच. त्यांना पीडीएफ द्या, पहिल्या पानावर तळाला लिहा की हे गाताना आपल्या गावातल्या निवाऱ्यासाठी काहीतरी जमा करा. आमच्या पहिल्या छापील प्रतीवर हौसेने क्यूआर कोड पण टाकला होता, मग दोन वर्षांनी संस्थेने बँक बदलली आणि त्या प्रती अजून कुठल्या कुठल्या चर्चच्या पेटीत पडून आहेत. क्यूआर टाकू नका, संस्थेचं नाव आणि ऑफिसचा पत्ता पुरतो.